दोन बोटं बाकी

माझ्या धाकट्या भावाला सगळे हळूमिस्त्री म्हणतात. चाळीस वर्षं गॅरेजात घालवली, पण घाई म्हणून कधी केली नाही. त्याच्या लग्नातही तो शेवटी पोचला होता; पण ती गोष्ट राहू द्या.

त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, हिचे सासरे तीस वर्षं ट्रकवर होते. आता घरची पिकअप. तिची क्लचप्लेट त्यांनी अंगणातच, स्वतःच्या हातांनी बदलली आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले. दोन महिन्यांत क्लच दाबला की किरकिर सुरू. व्याहीबुवांनी निकाल देऊन टाकला, की पोरगा क्लचवर पाय ठेवूनच चालवतो. चावी काढून घेतली. जावई वेगळं बिऱ्हाड शोधायला लागला आणि पुतणीनं रडत बापाला फोन केला.

गाडी गॅरेजात आली तेव्हा मी तिथेच स्टुलावर होतो. मला काम नसतंच. भावानं गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला. मागे, इंजिनच्या दांड्याच्या टोकाशी एक भोक असतं आणि त्यात अंगठीएवढं पायलट बेअरिंग. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात टेकतं. ते निघेना, म्हणून पठ्ठ्यानं भोकात ग्रीस ठासलं आणि त्यात घट्ट बसणारा दांडा घालून हातोडा मारला. ग्रीसला जायला जागा नाही, त्यानं मागून रेटून बेअरिंग बाहेर काढलं. मी तर हसायलाच लागलो.

भाऊ मात्र हसला नाही. बेअरिंगच्या आतल्या कडीला एका बाजूनं खोल चावा घेतलेला होता. क्लचवर पाय ठेवून असा चावा पडत नाही. गिअरबॉक्स जागेवर बसायच्या आधीच बोल्ट आवळून ओढला, की पडतो. भावानं ते मला दाखवलं आणि पुसून खिशात टाकलं. व्याह्यांना तोंडावर सांगावं, तर पोरीला त्याच घरात राहायचं. न सांगावं, तर जावई विनाकारण गुन्हेगार.

नवं बेअरिंग त्यानं पाइपच्या तुकड्यानं बाहेरच्या कडीवरच ठोकत बसवलं. आधी आवाज पोकळ येत होता, मग भरीव झाला तसा तो थांबला. क्लच चढवला. गिअरबॉक्स उचलायला त्यानं गाडीबरोबर आलेल्या, बाहेर थांबलेल्या व्याह्यांना आणि जावयाला हाक मारली. बापलेक एकमेकांकडे न बघता दोन बाजूंनी धरून उभे. गिअरबॉक्स सरकत गेला आणि दोन बोटं बाकी असताना अडला.

एरवी अशा वेळी भाऊ गिअरबॉक्सचा मागचा दांडा जरासा फिरवतो, आतले दाते जुळतात. त्या दिवशी तो फडक्यानं हात पुसत उभा राहिला.

व्याही वैतागले. "काय बघताय? बोल्ट लावा आणि ओढून घ्या. मागच्या वेळी मी असाच घेतला."

भावानं खिशातून जुनं बेअरिंग काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हळू, व्याहीबुवा. ओढलं की हे असं होतं."

त्यांनी मोकळ्या हातानं ते उजेडात धरलं. अंगठा त्या चावलेल्या कडेवरून फिरवला. जावई चपलेकडे बघत होता. भावानं दांडा चिमूटभर फिरवला, आणि ओळखीच्या गोठ्यात गाय शिरावी तसा गिअरबॉक्स आत गेला.

बोल्ट आवळून झाल्यावर व्याह्यांनी चावी मुलापुढे धरली. "घरी तू घे गाडी. पण क्लचवर पाय ठेवू नकोस." हे शेवटचं त्यांना म्हणावंच लागलं असणार. जावई हसू दाबून स्टेअरिंगवर बसला. क्लच दाबला, किरकिर नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर मी भावाला विचारलं, "तू मुद्दाम थांबलास ना रे?"

तो पाने पुसून एकेक खिळ्याला अडकवत होता.

"दादा, मी नेहमीच थांबतो," म्हणाला.