लेकीच्या दारचं रंगकाम

आमच्या ह्यांच्याशी संसार करायचा म्हणजे डोक्याला नुसता ताप हाय. भालकीत कुणालाही विचारा, राघोबा पेंटर म्हणलं की लई चांगला माणूस, असंच सांगतील. सांगणाऱ्याचं काय जातंय? एक आठवडा घरात ठेवून बघा म्हणावं.

साखर कारखान्यात रंगाऱ्याचं काम करून हे रिटायर झाले. टाक्या, पाइप, साहेबांचे बंगले, सगळ्याला ह्यांचा ब्रश लागलेला. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, कुणाचा फुकटचा चहा न्हाई. ह्या शेवटच्या गुणानंच माझा जीव खाल्ला. आमच्याकडं रीत हाय, लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई. लेकरू झालं की रीत संपली. आमच्या शैलश्रीचं पोरगं आता शाळेत जायलंय, तरी ह्यांची रीत काही संपंना. "माझा बाप लेकीकडं फुकट जेवला न्हाई, मी पण जेवणार न्हाई," एवढंच पालुपद. मी मात्र तिथं पोटभर जेवते, ते चालतं. आईच्या पोटाला रीत नसती वाटतं.

त्यात लेक पडली समुद्राकाठी. जावई हरिओम तसा औरादचाच, पण हॉटेलात नोकरी करत करत कारवारकडं गेला आणि तिथं एक जुनी दोनमजली इमारत घेऊन लॉज काढला. वर खोल्या, खाली खानावळ, मागं लेक-जावयाचं घर. हुबळीला गाडी बदलून तिथं पोचेपर्यंत कंबर धरती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं असं ते गाव न्हाई. राहिलं तर जेवावं लागणार, मग बापानं करायचं काय?

ह्यांनी वाट काढली. पहिल्या खेपेला इमारतीच्या भिंतीला आलेले पोपडे बघितले आणि दुसऱ्या दिवशी परांची बांधली. तिकडचं खारं वारं, तिकडचा पाऊस, रंग टिकतोय कुठला? तेव्हापासनं दरसाल पाऊस संपला की आमची स्वारी निघायची. पत्र्याच्या पेटीत ब्रश, भिंत खरवडायच्या पट्ट्या, पॉलिश पेपर. हे दिवसभर भिंत खरवडणार, पुट्टी भरणार, रंग मारणार आणि संध्याकाळी हातपाय धुऊन ताठ मानेनं ताटावर बसणार. तोवर मी लेकीच्या डोक्याला तेल लावायची, नातवाला गोष्टी सांगायची. लॉज सोडून तिला इकडं येता येत न्हाई, म्हणून तीच आमची वर्षाची भेट. भिंत जितकी खराब, तितका आमचा मुक्काम लांबायचा. दुसरी माणसं पोपडे बघून कपाळाला हात लावतात, आमचे हे खूश व्हायचे.

मागच्या उन्हाळ्यात हरिओमचा फोन आला. "मामा, यंदा सगळ्या इमारतीला बाहेरनं क्लॅडिंग करायलोय." म्हणजे भिंतीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या सिमेंटच्या फळ्या, त्या पण गंज न धरणाऱ्या स्टीलच्या स्क्रूनं बसवायच्या. वारं लागू दे, पाऊस लागू दे, वर्षानुवर्षं रंग न्हाई, डागडुजी न्हाई. पाइपानं धुतलं की झालं. "तुम्ही ह्या वयात परांचीवर चढता, मला घोर लागतो. आता नुसतं यायचं आणि आराम करायचा," म्हणाला. बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच सांगितलं. ह्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "झालं. तोडलं त्यानं लेकीचं घर."

आता ह्याला काय म्हणायचं? जावई आराम कर म्हणायलाय आणि ह्यांना वाटतंय दार लावलं. तिथनं माझ्या मागं भुणभुण सुरू झाली. वारं फळ्या उडवून नेईल. फळ्यांच्या मागं उंदरं शिरतील, गांधीलमाशा पोळं करतील. सासऱ्याची खात्री पटावी म्हणून हरिओमनं फळीचा एक तुकडा कुरिअरनं पाठवला. ह्यांनी तो गच्चीवर उन्हात टाकला, मोरीत भिजत घातला, खिळ्यानं ओरखडला. रोज सकाळी उठून बघायचे, फुगला का, भेगाळला का. त्याला काही होईना, तसे हे माझ्यावर चिडायला लागले. "असला कसला माल," म्हणे. मी म्हणलं, "अहो, माल चांगला हाय, तेच तर दुखणं हाय तुमचं." तर दोन दिवस अबोला धरला. मला तेवढीच शांतता.

फळ्या बसल्या. शैलश्रीनं व्हिडिओ कॉल करून इमारत दाखवली, काय देखणी झालेली. ह्यांनी तोंड फिरवून पेपर उघडला. पाऊस संपला, दिवाळी गेली. मी विचारते, कधी निघायचं? तर गुडघा दुखायलाय. पुढच्या महिन्यात तुरीची रास व्हायची हाय. तूर ह्यांच्या भावाची, ह्यांनी जन्मात कधी राशीला हात लावला न्हाई. मग म्हणे, घर सोडून गेलं तर चोर येतील. मी म्हणलं, "चोरानं न्यावं असं ह्या घरात काही न्हाई, आणि तुम्हाला कुणी नेणार न्हाई." शेवटी मी एकटीच जाते म्हणून पिशवी भरली. "जा की," म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. ते असं गुडघ्यात मान घालून बसलेलं बघून माझा पाय निघंना. पिशवी रिकामी केली आणि घरातली सगळी भांडी आपटली. रागानं रडू आलं मला. लेक बघायची होती हो मला, आणि हा बाबा आपल्या बापाची रीत धरून बसलेला.

अशात वर्ष सरलं. यंदा नागपंचमीला, तिकडं पावसात लॉज रिकामा म्हणून, शैलश्रीच दारात येऊन उभी राहिली. रात्री मला म्हणाली, "आई, अप्पा कामून आले न्हाईत? आमचं काही चुकलं का?" मी होतं ते सगळं सांगून टाकलं. तिनं ते ऐकलं आणि पांघरूण ओढून झोपली.

सकाळी हे दूध घेऊन आले, तर पोरगी पदर खोचून बाहेरच्या भिंतीचे पोपडे खरवडायलेली.

"हे काय करायलीस गं?" ह्यांनी विचारलं.

"भिंत खरवडायलेय. दुपारी जेवायचं हाय न्हवं मला तुमच्याकडं. फुकट कसं जेवू, अप्पा?"

"लेकीनं बापाच्या घरी काम करून खायचं व्हय? लोकं शेण घालतील माझ्या तोंडात."

"माझं घर वेगळं, तुमचं घर वेगळं. तुम्हीच ठरवलंय ते."

दुपारी मी पुरणाची दिंडं वाढली. तिला हाका मारल्या, तर म्हणती, कोपरा राहिलाय. दिंडं गार झाली. जसा बाप, तशीच लेक. दोघांच्या मधी माझंच डोकं फुटायची वेळ आली. हे ताटावर बसले, उठले, परत बसले. शेवटी बाहेर जाऊन तिच्या हातातली पट्टी हिसकून घेतली. तिच्या तळहाताला फोड आले होते. ते बघून ह्यांचा चेहरा असा झाला की मला बघवंना.

"लई झालं. चल जेवायला," हे म्हणाले.

"तुम्ही याल का माझ्याकडं? रंगाला न्हाई, जेवायला."

ह्यांनी पट्टी पायरीवर ठेवली. मग खालच्या आवाजात "येतो" म्हणाले.

पाऊस संपल्यावर गेलो. निघताना पेटी उचलायलेले, मी ती काढून माळ्यावर टाकली. तिथं पोचल्या पोचल्या इमारतीभोवती फिरून एकेक फळी बोटानं वाजवून बघितली. खोट काही सापडंना. मग दिवसभर खुर्चीत बसून राहिले, हात कुठं ठेवावेत ते कळत न्हवतं त्यांना. हरिओम आपला दर घटकेला चहा विचारायचा, हे नको म्हणायचे.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. माझ्या हातच्या जेवणाला हा माणूस रोज नावं ठेवतो. पण लेकीच्या घरी इतक्या वर्षांत एक शब्द काढला न्हवता. वाढलेलं मजुरागत खाली मान घालून खायचे आणि आपलं ताट आपण धुऊन ठेवायचे. शैलश्रीनं भाकर वाढली. ह्यांनी तुकडा मोडला, चावला, परत चावला.

"शैले, भाकर वातड झालीया."

हरिओमचा घास हातातच राहिला. शैलश्रीनं बापाकडं बघितलं. तोंडावर हसू आणि डोळ्यांतनं पाणी वाहायलेलं.

"पीठ जुनं हाय, अप्पा," कशीबशी म्हणाली.

"मग नवं मळ की. आन् कालवणात तिखट टाक जरा," हे म्हणाले. ताट तिच्याकडं सरकवलं आणि दुसरी भाकर येईस्तोवर मांडी घालून तसेच बसून राहिले.