स्क्रीनवरच्या पट्ट्या आणि ताईची वही

ताईची तक्रार कुणी फेटाळली नाही. ती तिने स्वतः मागे घेतली, माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून. तो कॉम्प्युटर का बिघडत होता ते मला त्यानंतर कळलं. कळून उपयोग शून्य. तरी लिहितेय. आजवर इतरांच्या चुकांची पत्रकं काढली, एक स्वतःच्या चुकीचंही निघू दे.

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावात आम्ही तिघं भाड्याच्या घरात राहायचो. दादा चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, लॉकडाऊनमध्येही शिफ्टला जाणारा. ताई नागपूरची, नर्स. दोघंही नात्याचे नव्हेत, एका छपराखाली राहून झालेले दादा आणि ताई. मी सगळ्यांत लहान. घरून नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात परदेशी कामगारांसाठी निवेदनं आणि पत्रकं लिहायची. ताई मला ‘पुढारी’ म्हणायची.

तिला वृद्धांच्या एका नर्सिंग होमने काढून टाकलं होतं. मास्क पुरत नाहीत हे २०२०च्या वसंतात तिने लेखी दिलं, आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर ठपका आला: मरणाच्या दारात असलेल्या एका आजोबांना तिने एकटं सोडलं. खरं काय? दोन मजल्यांना मिळून ती एकच नर्स होती, आणि तिला वर जायचा हुकूम झाला. ती खाली आली तेव्हा आजोबा गेलेले होते. आता कुठेही नोकरी मागायला गेलं की जुन्या ठिकाणी विचारणा व्हायची आणि तोच ठपका पुढे यायचा. “मला त्यांचं काही नको,” ती म्हणाली होती, “माझ्यावरचा तेवढा डाग काढून दे.” मी म्हटलं, काढते. कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आयोगाकडे तक्रार मी लिहिली. सुनावणी लागली २०२१च्या फेब्रुवारीत, सोमवारी सकाळी दहाला, ऑनलाइन.

नोव्हेंबरपासून माझा कॉम्प्युटर वेडेवाकडे चाळे करत होता. सुटे भाग जोडून मीच बनवलेला, ग्राफिक्स कार्ड तेवढं सेकंडहँड. आधी स्क्रीनवर हिरवे-जांभळे चौकोन उमटायचे, मग आडव्या पट्ट्या, माणसांचे चेहरे ताणलेल्या रबरासारखे. मग काळोख, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. कधी दिवसभर काही नाही, कधी सकाळीच दोनदा.

“कधी होतं?” दादाने विचारलं.

“कधीही.”

“कधीही असं काही नसतं. वेळ लिहून ठेव. काय चालू होतं, आधी काय दिसलं, सगळं. आमच्याकडे मशीन अडलं की आधी तेच बघतात.”

“वायरिंग भिकार आहे या घराचं. लिहायचंय काय त्यात?”

“मॅडम, लक्षणं विचारली. तुम्ही गुन्हेगाराचं नाव सांगताय.”

मी चिडले. घरमालकाने भिंतीवरची काळी बुरशी दोन हिवाळे ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ‘सगळं छान’, म्हणत तशीच ठेवली होती. असला माणूस वायरिंग धड ठेवेल? मी त्याला दोन पानी पत्र ठोकलं. मास्क लावलेला इलेक्ट्रिशियन आला, प्रत्येक सॉकेट तपासला, म्हणाला सगळं ठीक आहे. मी मनात म्हटलं, मालकाचाच माणूस, दुसरं काय सांगणार!

केबल बदलली. टीव्हीला जोडून पाहिलं, पट्ट्या तिथेही, म्हणजे मॉनिटर निर्दोष. रॅम काढून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, पुण्यात कॉलेजात सगळे हेच करायचे. मग कार्ड विकणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी सुनावणीच्या आधीच्या शुक्रवारी विंडोज पुसून नवं टाकलं. शनिवार-रविवार दुपारी लावून पाहिलं, मशीन एकदाही पडलं नाही.

“माझा लॅपटॉप घे सोमवारी,” दादा म्हणाला. “शिफ्टला जाताना ठेवून जातो.”

“नको. कागदपत्रं सगळी माझ्या मशीनवर आहेत. आणि झालं ना नीट!”

रविवारी ताईने हळूच विचारलं, “काहून गं, सकाळी लावून पाहिलास का?” मी म्हटलं, सकाळ काय आणि दुपार काय, ताई!

सोमवारी ती माझ्याही आधी उठली होती. केस धुवायचे म्हणाली. मीच जाऊन पाणी तापवायचं बटण दाबलं, ज्याला इथे इमर्शन म्हणतात, आणि ओरडले, “आज बंद करू नकोस गं, टाकी पूर्ण तापू दे!” चांगल्या दिवशी माणसाने भरपूर गरम पाण्याने न्हावं, एवढंच डोक्यात. मग कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज सुनावणीत नको म्हणून मी कपाटाचं दार घट्ट लावून घेतलं.

कपाटाचं सांगायचं राहिलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि पाण्याची तांब्याची टाकी ज्यात असते तो हॉट प्रेस. आमच्या घरातला माझ्या खोलीत होता. आयरिश लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. ऑक्टोबरच्या शेवटी भिंती ओलावल्यावर मी टाकीच्या वरच्या फळीवरच्या चादरी काढल्या आणि कॉम्प्युटरचा डबा तिथे ठेवला. घरातली एकमेव कोरडी जागा! स्वतःच्या हुशारीवर खूष होते मी.

दहा वाजता सुनावणीत ताईने सांगायला सुरुवात केली. आवाज स्थिर होता. आजोबांनी तिचं बोट धरलं होतं, वरून बोलावणं आलं, तिने ते बोट सोडवलं, इथवर ती आली आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंचा चेहरा चौकोनांत फुटला. पट्ट्या. काळोख.

परत जोडायला सहा-सात मिनिटं गेली. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, आम्हाला मध्येच ऐकू येईनासं झालं, कृपया पुन्हा सुरुवातीपासून सांगाल का?

ताईने सांगितलं. सुरुवातीपासून. बोट धरलं होतं, बोलावणं आलं, बोट सोडवलं. पट्ट्या.

या वेळी माझ्या फोनवरून जोडलं. फोनवर बोलता येईल किंवा नवी तारीख घेता येईल, काही महिन्यांनंतरची, तुम्ही ठरवा, असं बाई म्हणाल्या. ताई माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली, तक्रार मागे घेते. मी तिच्या हातातून फोन घेऊ पाहिला.

“ताई, असं काय करतेस! आपण जिंकतोय!”

“आज दोनदा सोडवलं त्यांच्या हातातून बोट,” ती मराठीत म्हणाली. “तिसऱ्यांदा नाही सोडवणार, बाप्पा.”

पुढच्या आठवड्यात तिने केसची कागदपत्रं टाकायला काढली. त्यात तिची एक वही होती. नर्सच्या सवयीने ती सगळ्याची वेळ टिपायची, ड्यूटीवर असताना कुणाची कूस कधी बदलली तेही. मी चाळत होते. मागच्या पानावर माझा कॉम्प्युटर होता. तारीख, त्यापुढे ‘इमर्शन चालू’ आणि वेळ, त्यापुढे ‘पुढारी ओरडली’ आणि वेळ. तीन महिन्यांच्या नोंदी, जवळजवळ सगळ्या सकाळच्या. चालू आणि ओरडणं यांत दरवेळी साधारण अर्धा-पाऊण तास.

इमर्शन तेव्हाही चालू होतं. मी उठून कपाटाचं दार उघडलं, डब्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. टाकीवरचं उष्णता अडवणारं आवरण फाटलेलं. सकाळी ताई अंघोळीला पाणी तापवायची आणि मी त्याच आचेवर माझं ग्राफिक्स कार्ड शिजवायची.

“ताई, हे मला सांगितलं का नाहीस?”

“रविवारी विचारलं होतं. तू ऐकलं नाहीस.” माझ्या हातातली वही घेत ती म्हणाली, “आणि तू वायरिंग म्हणत होतीस ना. इतकं ठासून म्हणत होतीस, मला वाटलं मलाच काय कळतं.”

मी म्हटलं, अर्ज करू, विनंती करू, आता मशीन पडणार नाही, खात्रीने सांगते. तिने वही बंद करून टाकायच्या ढिगावर ठेवली.

डबा मी बुरशीच्या भिंतीजवळ जमिनीवर ठेवला. त्यानंतर एक पट्टी नाही, एक काळोख नाही. ताई मे महिन्यात नागपूरला परत गेली. नर्सिंग पुन्हा करणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जाईपर्यंत ती रोज सकाळी माझ्या दारावर टकटक करायची.

“पुढारी, इमर्शन लावतेय गं. चालेल ना?”

“चालेल,” मी आतूनच म्हणायची.