बाराचं कनेक्शन

इंद्रभान मिस्त्रीच्या कामात वायर कधी दिसत नसे. चिखलीला खामगाव रोडवर त्याचं पत्र्याचं दुकान. समोर ट्रक उभे राहत आणि तो केबिनमध्ये पाठीवर पडून छताच्या अस्तराखालून वायर ओढत असे. काम संपलं की ड्रायव्हर बटण दाबायचा, छताच्या कडेनं उजेड धावायचा, आणि तो कुठून आला हे कुणाला सांगता यायचं नाही. बावीस वर्षांत एकही गाडी त्याच्या कामाची तक्रार घेऊन परत आली नव्हती.

श्रावणात अमडापूरचा गोकुळ आला. वामनरावांच्या चार ट्रकांपैकी एक तो चालवायचा. बाकीच्या तिघांनी इंद्रभानकडून निळे-लाल दिवे लावून घेतले होते. यानं साधा पिवळट उजेड मागितला.

"निळ्यात भाकर दिसत नाई, काका. महिन्याचे वीस दिवस मी हितंच जेवतो, हितंच झोपतो. घरासारखं वाटलं पाह्यजे."

"घरी तरी भाकर पाहून खातं का बे? मोबाईल पाहूनच खात असशील."

गोकुळ हसला आणि आपल्या हातांनी छताचं माप काढायला लागला.

ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, बारा-बारा व्होल्टच्या, एकीला एक जोडून चोवीस. बाजारातली दिव्यांची पट्टी मात्र बाराची. चोवीसचे बारा करणारी एक डबी मध्ये बसवावी लागते. पण बाजारातल्या स्वस्त डब्या तापतात, महिना-दोन महिन्यांत जळतात, आणि ड्रायव्हर येऊन मिस्त्रीला शिव्या देतात. म्हणून इंद्रभान दोन बॅटऱ्यांच्या मधून वायर काढायचा. सगळे दिवे एकीवरच. मलकापूरला त्याच्या उस्तादानं टेपरेकॉर्डरसाठी हेच शिकवलं होतं. टेपला वीज लागते ती किती. गोकुळच्या केबिनमध्ये दोन रीळ पट्टी लागली, वर एक पंखा आणि दोन चार्जर.

दिवाळीनंतर गाडी जालन्याच्या मोंढ्यात चालू झाली नाही. वामनरावांनी बॅटऱ्यांची नवी जोडी टाकली. पौषात जळगाव जामोदहून संत्री भरून निघालेली तीच गाडी रस्त्यात पुन्हा मेली. माल दोन दिवस जागेवर राहिला आणि नरम पडला. वामनरावांनी गोकुळकडून किल्ली काढून घेतली. रात्रभर दिवे लावून बसतो, असं ते चार ठिकाणी बोलले. ते बोलणं अमडापूरला पोचलं तेव्हा त्याला पाय फुटले होते.

तीन आठवड्यांनी वामनराव नव्या ड्रायव्हरला आणि तीच गाडी घेऊन दुकानात आले.

"गोकुळ म्हन्ते, दिवे बंद करूनच झोपत होतो. उद्या त्याचा सासरा येऊन राह्यला माह्याकडे, खरंखोटं पाहाले. तू फक्त येऊन सांगजो का बॅटरी ड्रायव्हरनंच उतरवली. तुह्या शब्दावर कोनी बोलनार नाई."

इंद्रभाननं बॅटऱ्यांची झाकणं काढली. एकीतलं पाणी उकळून आटलं होतं, आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. दुसरी पाण्यानं भरलेली, पण तिच्यात जीव नव्हता. गाडी धक्का मारून चालू करवून त्यानं मीटर लावला. दोघींवर चौदा-चौदा यायला हवे होते. एकीवर सोळा आले, एकीवर बारा. दिवे एकीतूनच खात होते. ती उपाशी राहिली, आणि तिच्या वाट्याचं दुसरीच्या घशात गेलं.

त्यानं मीटरच्या वायरी गुंडाळल्या.

"सांगतो उद्या," म्हणाला.

संध्याकाळी जेवताना सरस्वतीबाई नवऱ्याकडे बघत राहिली. "भाजीत मीठ टाकाले इसरली मी. तुमी बोल्ले नाई."

त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाका ना."

"तशा तेहतीस गाड्या आहेत."

ती उठली, मिठाचा डबा आणून त्याच्या ताटाजवळ ठेवला. "गोकुळची बायको, वंदना, त्याच्याशी बोलत नाई म्हन्तात. रातभर उजेड ठेवून केबिनमधी कोन बसलं होतं तुह्यासंगं, हे इचारते ते."

दुसऱ्या दिवशी वामनरावांच्या वखारीत गोकुळचा सासरा खुर्चीवर बसला होता. गोकुळ फाटकाशी उभा होता, दाढी वाढलेली. इंद्रभाननं कुणाकडे न पाहता सांगितलं, की चूक ड्रायव्हरची नाही, कनेक्शनची आहे, आणि कनेक्शन त्यानं केलेलं आहे.

वामनराव हसले. "काऊन, नात्यात येते का तुह्या? तुह्या हातून असं होत नसते, इंद्रभान."

त्याच्या बावीस वर्षांवर लोकांचा त्याच्यापेक्षा जास्त विश्वास होता. मग त्यानं आवारात उभा असलेला दुसरा ट्रक चालू करायला लावला. तेही दिवे त्याचेच, ड्रायव्हर निराळा. मीटर त्यानं वामनरावांच्याच हातात दिला. एकीवर पंधरा आले, दुसरीवर तेरा.

"हेबी मरनार?"

"हाव, भाऊ. थोडी उशिरा."

वामनरावांनी मीटर परत दिला. "चारही गाड्यांचे काढून टाक आज. आन मंग माह्या गाडीले हात लावजो नको." गोकुळकडे त्यांनी पाहिलं नाही, नव्या ड्रायव्हरला म्हणाले, "किल्ली दे त्याले."

गोकुळ किल्ली घेऊन इंद्रभानजवळ आला. "काका, तवा माहीत होतं तुमाले?"

"नाई. पन मीटर लावून पाहाले पाह्यजे होता. पाह्यला नाई."

गोकुळनं मान हलवली. मग फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. "वंदनाले सांगा. माह्या तोंडून तिले पटत नाई."

इंद्रभाननं दोन बॅटऱ्या, मधली वायर, सोळा आणि बारा, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो आपलं काम उघडं करून दाखवत होता, तेही न दिसणाऱ्या बाईला.

"म्हंजे दिवे थोडा वेळ लावले असते तरी बॅटरी मेलीच असती?" तिनं विचारलं.

"हाव, पोरी. मेलीच असती."

"आन रातभर लावले असते तरी?"

"तरीबी."

"मंग ते बंद करत होते, हे तुमाले कसं माहीत?"

गोकुळ समोर उभा होता, त्याच्या तोंडाकडे बघत. इंद्रभानला खोटं बोलता आलं असतं. आज इथं त्याचा शब्द कुणी मोडला नसता.

"ते मीटरवर दिसत नाई, पोरी," तो म्हणाला.

फोन त्यानं गोकुळला परत दिला. गोकुळनं तो कानाला लावला आणि फाटकाबाहेर चालत गेला. इंद्रभान पान्हा घेऊन पहिल्या ट्रकच्या बॅटरीपेटीशी बसला.