आधी नाव, मग कविता

मास्तर माइकपुढे उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. येणारच नव्हता. घशाचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली होती. राजारामपुरीतल्या त्या सभागृहात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर पत्रिकेत त्यांचं भाषण नव्हतं, फक्त सत्कार होता. शाल, नारळ आणि नवं छापलेलं पुस्तक हातात द्यायचं, फोटो काढायचा आणि खुर्चीत बसवायचं. पण मास्तरांनी खुर्चीत बसून ते पुस्तक उघडलं, पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, आणि उठून माइककडे गेले.

सभागृहात खुर्च्या वाजायला लागल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारे." निवेदन करणारा माणूस दंडाला धरून "सर, बसून घ्या, बसून घ्या" करत होता. मास्तर हलले नाहीत. गळ्याभोवतीचा रुमाल एका हातानं धरून ते ओठ हलवत राहिले.

मागच्या रांगेत आम्ही कबनूरच्या सहाजणी होतो. आमचं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेलं. तिथं सगळे माग एकदम सुरू झाले की कानाचा काही उपयोग नसतो. बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलतात. त्यामुळे आम्हाला मास्तरांचा शब्द न् शब्द कळत होता. ते आमची नावं घेत होते. हौसा. रुक्मिणी. फातिमा. इंदू. शेवंता. मालन. संपली की पुन्हा हौसापासून. हौसा म्हणजे मी. पुस्तकात कविता आमच्या होत्या आणि नाव एकीचंही नव्हतं. वर मोठ्या अक्षरात 'लोकगीते' असं छापलं होतं.

दोघांनी मास्तरांना धरून खाली आणलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचा मास्तरांना फार राग. कबनूरला आमच्यासाठी ते कवितेची स्पर्धा घ्यायचे, तिच्यात टाळी वाजवायला बंदी होती. कविता आवडली तर ऐकणाऱ्यानं उभं राहायचं, जिची कविता तिचं नाव घ्यायचं आणि आवडलेली ओळ म्हणून दाखवायची. "आधी नाव, मग कविता," हे ते इतक्या वेळा म्हणायचे, की गल्लीतली पोरं त्यांची लुना दिसली की तेच ओरडत मागं पळायची. एका वर्षी पाहुणा म्हणून एक कारखानदार बोलावला होता. फातिमाची कविता झाल्यावर त्यानं सवयीनं टाळ्या पिटल्या. मास्तर म्हणाले, "पावणं, हात खाली. ओळ म्हणा." त्याला एकही ओळ येईना. "मग इतका वेळ ऐकत काय होता?" पुढच्या वर्षी त्या कारखानदारानं मांडव दिला नाही आणि स्पर्धा उघड्यावर झाली. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. आम्हाला वाटलं, कारण ऊन आमच्या डोक्यावर होतं.

मास्तर हातकणंगल्याचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते. निवृत्त झालेली माणसं शेत बघतात, पोराचं दुकान सांभाळतात. हे कबनूरला येऊन कांड्या भरणाऱ्या बायकांना कविता रचायला शिकवायचे. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी बोलावलं नव्हतं. मी चौथी पास. आमच्यातल्या तिघींना सहीसुद्धा येत नव्हती. मास्तर म्हणायचे, "लिहायला न येणं ही अडचण आहे, कारण नव्हे." कविता तोंडी रचायची, तोंडी पाठ करायची आणि स्पर्धेत कागद न घेता म्हणायची.

सुरुवातीला ते कारखान्यात येऊन मागांच्या आवाजावर ओरडायचे. घसा बसला तरी कोणाला काही ऐकू जाईना. शेवटी रुक्मिणीअक्कानं त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, "मास्तर, वरडू नगासा. नुसतं व्हट हलवा, आमाला कळतंय. पर तुमच्या मिशीत निम्मं अडकतंय." दुसऱ्या दिवशी मास्तर मिशी काढून आले. भारी झुबकेदार मिशी होती, नोकरीभर सांभाळलेली. त्यांच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. त्या कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "घरात मीठ संपलंय, त्ये दिसत न्हाय. कबनूरच्या बायकांसाठी मिशी उतरली!"

स्पर्धेचं बक्षीस म्हणजे स्टीलची वाटी. कप नाही, प्रमाणपत्र नाही. पण वाटीवर जिंकणारीचं नाव कोरलेलं असायचं. भांड्याच्या दुकानातला नाव घालणारा पहिल्या वेळी म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांगा की." मास्तर म्हणाले, "नवऱ्यानं कविता केल्यावर त्याची वाटी घालू." माझ्या घरात परातीपासून पळीपर्यंत सगळ्यावर सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं नाव होतं. ती वाटी घरात आली तेव्हा नवरा म्हणाला, "आता वाटीवर नाव आलं, उद्या दारावर घालशील." मी म्हटलं, "घालीन की." घातलं नाही. पण ती वाटी कोणाला वापरू दिली नाही.

मास्तर देवमाणूस वगैरे नव्हते. रागीट होते, हट्टी होते, आणि दिवसभर गालात तंबाखू असायची. घसा त्यानंच गेला, दुसऱ्या कशानं नाही. मी किती वेळा बोलले असेन. ते म्हणायचे, "हौसा, तू यमकाकडं बघ, माझ्या गालाकडं बघू नको." परीक्षक म्हणून ते कसाई होते. मालननं सासूवर रचलेली कविता ऐकून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही कविता नव्हे, ही तक्रार आहे. घरी जाऊन सासूपुढं म्हण." मालन दोन वर्षं स्पर्धेला आली नाही. तिची समजूत काढायला मास्तर कधी गेले नाहीत. मी गेले.

माझी एक कविता मात्र त्यांना पटली होती. मागात सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा, त्याच्यावर होती.

धोटा पळतोय दिसभर बाई, त्येला पोचायचं गाव न्हाय,
मी बी चालते घर-कारखाना, तिसरीकडं माझा पाय न्हाय.

ती ऐकून मास्तर म्हणाले, "ही राहील." एवढंच. त्यांनी एवढंसुद्धा दुसऱ्या कोणाला म्हटलेलं मला आठवत नाही.

पुस्तक काढणाऱ्या राजारामपुरीच्या संस्थेशी गाठ घालून दिली ती मास्तरांनीच. तिथले लोक त्यांना परीक्षक म्हणून बोलवायचे. तिथं त्यांनी आमच्या कविता म्हणून दाखवल्या, अर्थात नावं घेऊन. संस्थेच्या एक मॅडम होत्या, त्यांना फार आवडल्या. पुस्तक काढू म्हणाल्या. मास्तर आम्हाला सांगायला आले तेव्हा लुना स्टँडवर लावायची विसरले, ती पडली. "छापील नाव येणार तुमचं," म्हणाले. "वाटी चेपती, पुस्तक चेपत न्हाय." इतका खूश माणूस मी लग्नमांडवातही बघितला नाही.

मॅडम मोबाइलवर कविता टिपून घ्यायला कबनूरला आल्या तेव्हा मास्तर दवाखान्यात होते आणि मी त्यांना बघायला गेले होते. मॅडमनी पहिली कविता ऐकून रुक्मिणीअक्काला विचारलं, "मावशी, हे कुणी रचलं?" अक्का म्हणाली, "कुणी काय, आमचंच की समद्यांचं." आमच्याकडं परक्या माणसापुढं 'हे मी केलं' म्हणायची रीत नाही. जेवायला बसलेल्या पाहुण्यानं भाकरी चांगली झाली म्हटलं तर आम्ही म्हणतो, झाल्यात कशातरी. अक्का तसंच म्हणाली. नंतर फातिमानं एकेकीचं नाव घेऊन कोणती कविता कोणाची ते सांगितलं. तेही मोबाइलमध्ये होतं. पुस्तकात घेताना मॅडमनी अक्काचं वाक्य घेतलं आणि फातिमाचं सोडलं.

त्या कार्यक्रमानंतर आठवड्यानं मास्तर, रुक्मिणीअक्का आणि मी संस्थेत गेलो. मास्तर ओठ हलवायचे आणि मी मोठ्यानं बोलायचे. अध्यक्ष समजावून सांगायला लागले, "हा प्रकल्प लोकगीतं जतन करण्याचा आहे. अनुदान त्यालाच मिळालंय. रचणारी सापडली की ते लोकगीत राहत नाही."

मी म्हटलं, "मास्तर म्हणत्यात, रचणारी सापडायला हरवली कवा? ही काय, तुमच्या म्होरं खुर्चीत बसलीया."

अध्यक्ष हसले. म्हणाले, "नावं घालून काय होणार, मावशी? कांड्या भरणाऱ्या बायकांच्या कविता म्हटल्यावर कोण वाचणार? लोकगीत म्हटलं की मान मिळतो."

मास्तरांनी ओठ हलवले. मी गप्प बसले. अध्यक्ष म्हणाले, "काय म्हणतायत? सांगा की."

"मास्तर म्हणत्यात, तुमचं त्वांड शेणानं सारवाय पायजे."

"आजारी आहेत ते. आम्ही समजून घेतो," अध्यक्ष म्हणाले आणि चहा मागवला. मॅडमनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. अक्काचाच आवाज आला, स्वच्छ. "कुणी काय, आमचंच की समद्यांचं." अक्का तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "बघा, आम्ही काही मनानं केलं नाही." दुसरी आवृत्ती निघाली तर विचार करू असं ठरलं. चहा आला. मास्तरांनी घेतला नाही. मी घेतला, घसा सुकला होता.

पुस्तकापेक्षा वाईट त्यानंतर झालं. मास्तरांनी अक्काशी बोलणं सोडलं. ज्या माणसाचं बोलणं फक्त ओठांवर उरलंय त्यानं बोलणं सोडायचं म्हणजे तोंड फिरवायचं. अक्का हातकणंगल्याला घरी जायची, बाजेच्या एका बाजूला बसायची, मास्तर भिंतीकडे वळायचे. ती उठून दुसऱ्या बाजूला गेली की ते पुन्हा वळायचे. मी त्यांना सरळ म्हटलं, "मास्तर, तिनं चोरी केल्याली न्हाय. चोर राजारामपुरीत ऱ्हातोय."

मास्तर ओठांनी म्हणाले, "चोराला मी शिकवलं नव्हतं. हिला शिकवलं होतं."

त्याच वर्षी ते गेले. अक्काला माफ न करता गेले. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण झालं ते असं झालं. दफन झाल्यावर अक्का दारात उभी राहिली. भाभींनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि म्हणाल्या, "ये. हट्ट करणारा गेला." संस्थेनं शोकसभा घेतली. मागं मोठा फलक होता, त्यावर मास्तरांचा मिशीतला जुना फोटो आणि खाली 'लोकगीतांचे थोर संकलक'. जन्मात त्या माणसानं एक लोकगीत गोळा केलं नव्हतं. माणसं कविता करतात हेच सांगत फिरला. स्पर्धा त्यांच्याबरोबरच संपली. आम्ही चालवायला हवी होती म्हणणारे पुष्कळ भेटले, मांडव देतो म्हणणारा एकही भेटला नाही.

यंदा माझ्या नातीच्या शाळेत कविता पाठांतराची स्पर्धा होती. ती मोबाइल घेऊन आली, "आज्जी, हे लोकगीत म्हणते, चुकतंय का बघ." धोटा पळतोय दिसभर बाई. मी ऐकून घेतलं.

म्हटलं, "हे माझं हाय."

"तुझं म्हंजे?"

"मी रचलंय. कबनूरला, कांड्या भरताना."

"आज्जी, कायबी सांगतीस व्हय! बाई म्हणाल्या, लोकगीत कुणाचं नसतंय. तुझं नाव घेतलं की गुण कापतील."

"मग नगो घिऊस," मी म्हटलं. पोरीचे गुण कशाला घालवायचे? तिनं सुरुवातीला 'पारंपरिक लोकगीत' असं सांगून म्हटलं आणि दुसरा नंबर आला.

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मॅडमनी लिहिलंय की या गाण्यांच्या कर्त्या काळाच्या ओघात कुठं हरवल्या ते कोणालाच ठाऊक नाही. इंदू, शेवंता आणि मालन गेल्या. फातिमा मागच्या उन्हाळ्यात गेली. रुक्मिणीअक्का कबनूरमध्येच लेकाकडं आहे, आता अंथरुणावर असते. मी तिच्या पलीकडच्या गल्लीत राहते.