विळ्याची अर्धी हाक

आधीच सांगून ठेवते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. तुमच्या मासिकातलं हे सदर माझी भाची मला वाचून दाखवते आणि मी निम्म्यावरच म्हणते, पुरे गं बाई. कोणाला पिंपळाखाली पांढरं लुगडं दिसतं, कोणाला विहिरीवर रडणं ऐकू येतं… आमच्या शिनोलीत एखाद्या सुनेच्या अंगात आलं की मी सांगायची, चार दिवस माहेरी धाडा, पोटभर जेवू-झोपू द्या, भूत आपल्या पायानं जाईल. जायचंही.

तरी हे लिहून घ्यायला सांगतेय. भाची घोडेगावच्या शाळेत मास्तरीण आहे. माझ्या ‘व्हतं’चं ती ‘होतं’ करते. करू दे, शिकलेली आहे. पण गोष्टीत पदरचा मीठमसाला घातलास तर याद राख, असा दम मी तिला दिलाय.

प्लेगची मोठी साथ ओसरून थोडी वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे एका गोऱ्या साहेबाकडे कामाला होते. साहेब जंगलखात्यातला, पण त्याचं सगळं ध्यान पाखरांत. घोडेगावापासून भीमाशंकरपर्यंत आणि तिकडे जुन्नरच्या बाजूला घाटघरापर्यंत तो तंबू टाकून राही, आणि दिवस दिवस दुर्बीण डोळ्याला लावून बसे. हे त्याच्याबरोबर दुर्बीण वाहायला गेले आणि स्वतःच वेडे होऊन आले. जेवताना पानावरून उठून दाराबाहेर जायचे… का, तर कुठलंसं पाखरू बोललं! मी म्हणायची, “आधी ती भाकर तरी गिळा, पाखरू काय भाकर घेऊन पळतंय व्हय?”

त्यांचं नाव मी सांगत नाही. भाची म्हणाली, आत्या, नाव लिहूया ना. मी लिहू दिलं नाही. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. घ्यायचं ते उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवल्यावर. आणि थोरल्यांच्या देखत त्यांनाही मला नावानं हाक मारायची सोय नव्हती. मग बोलवायचं कसं? ‘अवं’ आणि ‘अगं’वर संसार चालतो, पण तो चुलीपाशी. रानात ओढ्याच्या पल्याडून ‘अवं’ म्हटलं तर गावातले दहा नवरे वळून बघतील.

ती अडचण त्यांनीच सोडवली. आमच्या डोंगराच्या झाडीत एक पाखरू असतं — भुवई पांढरी, चोच पिवळी आणि विळ्यासारखी वाकडी. आम्ही त्याला विळ्याच म्हणायचो. ते सहसा दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. नर म्हणतो ‘उप्-पु-पु-पु’, आणि त्याचा आवाज संपायच्या आत मादी ‘क्रू-क्रू’ करते. इतकं लागूनच्या लागून, की अडाण्याला वाटावं एकच पाखरू बोलतंय. ह्यांनी मला ते शिकवलं. पहिली अर्धी हाक त्यांची, दुसरी अर्धी माझी. ह्यांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे त्यांच्या हाकेच्या शेवटी हवा निसटायची — ‘उप्-पु-पु-पु…फुस्स’. त्या फुस्सवरून मी रानातले खरे विळे आणि माझा विळ्या वेगळा ओळखायची. सगळ्या घराच्या देखत आम्ही एकमेकांना हाका मारत होतो आणि कोणाला पत्ता नव्हता. तसं सुख पुन्हा नाही बाई…

एका पावसाळ्यात साहेबाचा मुक्काम घाटघरला होता. दोन रात्री नुसतं वादळ. सकाळी नाणेघाटाच्या तोंडाशी ह्यांना एक पाखरू सापडलं, भिजून गठुळं झालेलं. पाठ काळी, पोट पांढरं, पायाला बदकासारखे पडदे. साहेब म्हणाला, हे समुद्रातलं. ह्याचं घर भर दर्यातल्या बेटावर, वादळानं वाट चुकून डोंगरावर आलंय. ह्यांनी ते घोंगडीत गुंडाळून दिवसभर छातीशी धरलं, आणि वारं पडल्यावर घाटाच्या कड्यावरून कोकणाकडे सोडलं. गेलं म्हणे उडून.

झालं. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात ते बेट शिरलं. पुढच्या वर्षी साहेबाला दूरच्या बेटांवरची पाखरं बघायला जायची परवानगी मिळाली आणि त्यानं विचारलं, येतोस का? मला सांगताना तोंड कसं उजळलं होतं! “अगं, येवढं मुठीयेवढं पाखरू तिथनं हितवर आलं. मंग मला जायाला काय झालं?”

“जावा की! आन् तिथंच घरटं बांधा!” मी म्हणाले. मग भांडी आपटली. मग रात्री रडले. पण आडवी आले नाही. त्यांची ती ओढ मला दिसत होती. माझ्यावर जीव होताच, पण तो जसा खरा होता तशीच ही ओढही खरी होती. बरोबर जुन्नरचे इब्राहिमभाई होते, साहेबाचे खानसामा. जाताना म्हणाले, “भाबी, घोर करू नका. भाऊला मी परत आणून सोडतो, जबान देतो.”

मुंबईहून एक कार्ड आलं, नंतर काही नाही. बेट म्हणे आफ्रिकेच्या अलीकडे कुठेतरी. घोडेगावच्या मास्तरांनी नकाशावर बोट फिरवून पाहिलं, त्यांनाही सापडलं नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. मी रोज संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी उभी. रानातले विळे ओरडायचे, आणि दर वेळी मी श्वास धरून शेवटच्या फुस्सची वाट बघायची. ती यायची नाही. खऱ्या पाखरांचा तेव्हा इतका राग यायचा मला!

चैत्रात मंचरच्या बाजारात कोणीतरी पेपरातलं वाचून सांगितलं की दक्षिणेच्या दर्यात एक आगबोट बुडाली. कुठली, कोण होतं तिच्यात, कोणाला ठाऊक? पण गावाला तेवढं पुरे झालं. बायका माझ्याकडे बघून आवाज बारीक करायला लागल्या.

अखिती आली. आमच्याकडे अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून पुजतात. एका माणसाचा एक. आमच्या घरात दरसाल दोन करे लागायचे, सासऱ्यांचा आणि सासूबाईंचा. आदल्या दिवशी कुंभार येऊन गेला आणि मी पाहिलं, ओसरीवर तीन करे.

थोरल्या जावेला विचारलं तर ती दुसरीकडे बघायला लागली. मग म्हणाली, “आमच्या ह्यांनी सांगितलं कुंभाराला. म्हनत्यात, भावाचा जीव तान्हेला राहू नये… उद्या पुजल्यावर तुझ्या बांगड्या…” बाई मनानं चांगली होती, ठकूबाई तिचं नाव.

मी कोयती घेतली आणि पत्रावळींना पळसाची पानं आणायला डोंगराकडे निघाले. ठकूबाई मागोमाग आली, मला एकटीला सोडायची तिला धास्ती वाटत असणार.

दुपार टळत आली होती. वैशाखातलं ऊन ते, रानात चिटपाखरू बोलत नव्हतं. मी पानं तोडत होते, आणि वरच्या करवंदीच्या जाळ्यांतून आलं — ‘उप्-पु-पु-पु…फुस्स’.

माझ्या हातातली पानं गळून पडली. अंगावर काटा आला म्हणतात ना, तो काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. पुन्हा आलं. तीच तुटक्या दाताची फुस्स. पण हाक घाबरलेली होती. ह्यांना मी तसं घाबरलेलं कधी ऐकलं नव्हतं.

मी ‘क्रू-क्रू’ केलं आणि वर धावले.

हाक यायची, मी उत्तर द्यायची, चार पावलं चढायची. पुन्हा हाक. जवळ येतेय असं वाटायचं, जाळीमागे जावं तर कोणी नाही, आणि हाक जराशी पुढून. घसा कोरडा पडला, आवाज फाटला, पण मी थांबले नाही. कसं सांगू… मनात एकच होतं, मी गप्प बसले तर हा माणूस वाट चुकेल. मागून ठकूबाई ओरडत होती, “अगं कुणाला वरडतीस? थांब, पडशील!”

शेवटची हाक अगदी हाताच्या अंतरावर आली. करवंदीच्या जाळीपलीकडे. मी उत्तर देत देत जाळीत हात घातला आणि अंगठ्याच्या मुळाशी करवंदीचा काटा असा घुसला की ‘क्रू’ अर्धीच राहिली आणि तोंडातून निघालं, “आई गं!”

मग सगळं शांत झालं. पलीकडे नुसता खडक होता.

ठकूबाई धापा टाकत आली. मी तिला विचारलं, “आयकलंस?” ती म्हणाली, “तुझाच आवाज आयकला. दुसरं काय व्हतं?” आणि माझ्या हातावरचं रक्त बघून रडायला लागली. तिला वाटलं, मला वेड लागलं.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते आमच्या घरात कोणी केलं नव्हतं. थोरल्या दिरांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पदराआडून ठकूबाईला सांगायचं आणि तिनं त्यांना. त्या दिवशी सरळ ओसरीवर गेले, तिसरा करा उचलला आणि म्हणाले, “ह्यो करा मी पुजू द्याची न्हाई. ते जित्ते हायती.” दीर उठून उभे राहिले. “कशावरनं?” मी म्हणाले, “मला हाक आली.” आणि करा दगडावर आपटून फोडला. नंतर गावात सगळीकडे झालं, धाकटीचं डोकं फिरलं. मी बांगड्या मात्र वाजवत फिरायची, मुद्दाम.

ते आले भाद्रपदात. मी भाकऱ्या थापत होते, आणि पाणंदीच्या बाजूनं ‘उप्-पु-पु-पु…फुस्स’. पिठाचे हात तसेच घेऊन मी अंगणात आले आणि सगळ्या आळीच्या देखत ‘क्रू-क्रू’ केलं. लाज कसली नि काय कसलं! वाळून खारकेसारखे झाले होते, पण चालत आले. मागे इब्राहिमभाई.

बुडाली ती बोट दुसरीच. ह्यांना न्यायला यायची बोट बिघडून कुठल्याशा बंदरात पडून राहिली होती, म्हणून उशीर.

पाणी पिऊन झाल्यावर इब्राहिमभाईच सांगायला लागले. “भाबी, त्या बेटावर ह्याचं ते काळ्या पाठीचं पाखरू लाखानं. पाय ठिवाया जागा न्हाई, आन् गलका असा का शेजारचा मानूस आयकू येत न्हाई. मधी डोंगर. एक दिवशी आमी दोघं वर गेलो आन् ढग उतारला. आपल्या भीमाशंकरला उतरतो ना, तसा. हाताला हात दिसंना. मी म्हनलं, उजवीकडं चल, तिकडनं आलो आपण. आन् ह्यो भाऊ तोंडानं पाखराचं आवाज काढाया लागला! मला वाटलं, गेलं डोकं. मंग म्हनतो, डावीकडं चला, ती तिकडं हाय. मी ह्याचा सदरा धरून मागनं. खाली उतरंस्तवर सांज झाली आन् ढग फाटला. उजवीकडं, भाबी… कडा व्हता. सरळ दर्यात. अल्ला कसम.”

“तुमी आयकलं का काई?” मी विचारलं.

“न्हाई. ह्याचा आवाज आन् पाखरांचा गलका. पर ढग फाटला तवा आभाळात नवा चांद व्हता, बारीक कोर. मी हात पसरून दुआ मागितली, म्हनून ध्यानात ऱ्हायलं. त्याच्या आधीचा चांद तुमच्या गुढीपाडव्याचा.”

पाडव्यानंतरची नवी कोर म्हणजे वैशाखातली. ती दिसते बीजेला, म्हणजे मला हाक आली त्याच दिवशी; दुसऱ्या दिवशी अखिती.

मी तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. करा फोडल्याचंही नाही. ठकूबाई दारात उभी होती, तीही गप्प. तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

“अगं, शेवटाला तुला टोचलं काय? आई गं म्हनलीस ती…”

मी पिठानं माखलेला हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी काट्याचा वण होता, अजून आहे.

भाची म्हणते, आत्या, मनाचे खेळ असतात. इच्छा तीव्र असली की कान ऐकतात. असेल बाई, मी कुठे नाही म्हणते? माझ्या कानांनी मला फसवलं असेल. पण मग त्यांच्या कानांना ‘आई गं’ कोणी सांगितलं? साहेबाला विचारलं होतं ह्यांनी. तो पाइप पेटवत म्हणाला, कोणाला सांगू नकोस. मी आयुष्यभर विचार करत आले. तुमच्या वाचकांत कोणी शहाणा असेल तर त्यानं सांगावं.

पुढे आम्ही खूप वर्षं संसार केला. ते पुन्हा कुठे गेले नाहीत. पाखरं मात्र बघत राहिले, आणि भाकरी पानावर निवत राहिली. मग ते गेले, आपल्या घरात, आपल्या खाटेवर, माझा हात धरून. त्या वर्षीच्या अखितीला त्यांचा करा मीच भरला.

अजूनही उन्हाळ्यात भाचीला घेऊन मी त्या करवंदीच्या जाळीपाशी जाते. विळ्याच्या जातीत मादी कधी सुरुवात करत नाही, असं हे म्हणायचे. मी करते. आता माझेही दात पडलेत, त्यामुळे शेवटी हवा निसटते, अगदी त्यांच्यासारखी. ‘उप्-पु-पु-पु…फुस्स’. तेव्हा ते वाट चुकले होते आणि मी उत्तर दिलं होतं. आता हाक माझी आहे.

मग मी उभी राहते. भाची म्हणते, “आत्या, ऊन लागेल, चला आता.”

मी म्हणते, “थांब गं जरा.”