सुरूचं झाड कुणी कापलं

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्हाला सांगतोय ते तुम्ही 'जाऊ द्या हो' म्हणावं म्हणून नाही. तसलं काही म्हणायचं असेल तर वाचणं इथंच थांबवा.

मी जालन्याकडचा. वडील मिशनच्या आवारात माळी होते. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि हे सांगताना माझी मान अजून ताठ होते. आज बेळ्ळंदूरला नवव्या मजल्यावर माझं घर आहे. शेजारी सगळे असे, की ज्यांचे आजोबासुद्धा इंजिनियर. त्यांच्यात मी कसा राहतो? दात आवळून.

नाताळचं झाड आमच्याकडे कधी विकत आणलं नाही. वडील सुरूचं कापायचे. म्हणजे कापायचे तरी कुठं, नुसता शेंडा घ्यायचे. खालच्या फांद्या राखायच्या, मग त्यातलीच एखादी वर वळते, दोन-तीन वर्षांत नवा शेंडा धरते. लहानपणी एकाच झाडानं आम्हाला चार नाताळ दिले. तेवढी एक विद्या त्यांच्याकडे होती आणि ती त्यांना पुरली.

मी घर घेतलं त्या वर्षी त्यांनी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी सुरूचं रोप लावलं. इथला कानडी माळी मुनियप्पा आणि ते — एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण तासन्‌तास वाफ्याशी बसायचे. या शहरात त्यांचं दुसरं होतं कोण? दर डिसेंबरला आले की आधी झाड बघायचे, मग आम्हाला.

चार वर्षांपूर्वी ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. मी म्हटलं, यंदा घेऊ या. मुनियप्पानं चिमूट दाखवली, "स्वल्प, स्वल्प," आणि वडील हसले. "ऐक त्याचं. अजून थोडं वाढू दे. पुढच्या वर्षी."

पण मी ऑफिसात बढाई मारून बसलो होतो. आमच्याकडे झाड घरचं असतं, स्वतः कापलेलं! साहेब आणि त्यांची बायको रविवारी जेवायला यायचे होते. त्यांना काय दाखवू, पुढचं वर्ष? शनिवारी सकाळी वडील चर्चमध्ये गव्हाणी उभी करायला गेले. बायको-मुलगी सासूबाईंकडे होत्या. मी वडिलांच्या पिशवीतली करवत काढली. आणि... नुसता शेंडा हॉलमध्ये बुटका दिसला असता ना? मुळाशीच कापलं.

वडील परतले. वाळूच्या बादलीत उभा बुंधा त्यांनी वाकून बघितला. "मुळापासून?" मग हात धुऊन करंज्या लाटायला बसले.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी दारात. पुण्याचा. म्हणजे वडिलांना शब्दन्‌शब्द कळणार. "अहो, मागचं झाड कुणी तोडलंय, आणि इथं तर तुमच्या हॉलमध्ये..." काय म्हणायचं होतं मला? मी कापलं. दोन शब्द. मी म्हटलं, "वडिलांनी कापलं हो. खेड्यातले आहेत, त्यांना काय कळतंय."

"तरीच," तो म्हणाला. "शिकलेला माणूस असं करणार नाही."

आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

वडील ओट्याशी होते, पाच पावलांवर. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले आणि जोडले. "चुकलं माझं, साहेब. सांभाळून घ्या." मुलाच्या वयाच्या माणसापुढं. मी त्यांचे हात धरून खाली केले का? नाही. मी सेक्रेटरीकडे बघून हसलो. 'बघा, सांगितलं नव्हतं का?' असं.

दुसऱ्या दिवशी चर्चला निघताना मुनियप्पा खाली दिसला. वडिलांनी हात वर केला. त्यानं पाठ फिरवली. त्याला तर वडिलांना भाषेवाचूनही खरं सांगता आलं असतं, माझ्याकडे नुसतं बोट दाखवायचं होतं. ते खाली बघत चालत राहिले.

दुपारी साहेब आले. झाड बघून म्हणाले, "व्वा! खरंच स्वतः कापलंत?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

वडील तेव्हा करंज्यांचं ताट घेऊन माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी साहेबांपुढं ताट धरलं.

ते अजून येतात. मागच्या भिंतीकडे जात नाहीत. आणि दर डिसेंबरला सोसायटीच्या ग्रुपवर सूचना येते, की बाहेरगावाहून आलेल्या वडीलधाऱ्यांना झाडांबाबतचे नियम समजावून सांगावेत. यंदाही आली. वडील समोर बसून करंज्या लाटत होते. मी अंगठा टाकला.