आईला समुद्र दाखवायला नेलं

मित्रांनो, नागपूरहून दोन दिवस गाडी चालवत आज दुपारी आई-बाबांना घेऊन श्रीवर्धनला पोचलो. फोटो मागू नका.

अठ्ठ्याहत्तर साली बाबा हिंगण्याच्या कारखान्यात होते. कारखान्याची सहल इथे आली होती. माझ्या वेळी आईचे दिवस भरत आले होते, म्हणून ती घरीच राहिली. बाबांनी तिच्यासाठी बाटलीत समुद्राचं पाणी आणलं. तिने ते गल्लीतल्या बायांच्या तळहातावर तीर्थासारखं थेंब-थेंब दिलं. "पुढच्या साली तुले नेतो," बाबा म्हणाले. मग घर, आमची शिक्षणं, लग्नं. त्यात आईचे डोळे गेले.

आज किनाऱ्यावर उतरलो, तर ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं, समोर नुसती ओली वाळू. आम्ही तलाव पाहिलेली माणसं! समुद्राला वेळ विचारून यायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

"समोरच आहे वं," बाबा म्हणाले.

"मंग आवाज काहून नाही येऊन राहिला जी?"

आई गाडीत जाऊन बसली, ती पुन्हा उतरलीच नाही.

आता संध्याकाळी भरती आलीये. लॉजच्या खोलीत लाटांचा आवाज घुमतोय. बाबा लगबगीने आईच्या उशाशी बसले. "आयकू येऊन राहिलं का वं?"

"हो," आई म्हणाली. "तो कूलर बंद करा न जी, थंडी वाजून राहिली."

खोलीत कूलर नाही.

बाबा उठले आणि खिडकी लावून घेतली.

तुम्ही लावली असती?